'व्हॉट इज लाइफ?' : एक पुनर्वाचन

डब्लिनमधील एका प्रकाशनसंस्थेने हे पुस्तक छापायला घेतले होते. मुद्रिते तयार झाली होती. परंतु उपसंहाराची अखेरची काही पाने वाचल्यावर प्रकाशकांनी अंग काढून घेतले. कॅथलिक आयर्लंडमध्ये असली पाने आपल्या नावाने बाहेर पडणे त्यांना धोक्याचे वाटले. पुढे 1944 साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ते प्रसिद्ध केले आणि शंभर पानांच्याही आतले हे पुस्तक विसाव्या शतकातील जीवशास्त्राच्या इतिहासात अढळ होऊन बसले. जेम्स वॉटसन, फ्रान्सिस क्रिक आणि मॉरिस विल्किन्स या तिघांनीही डीएनएच्या संशोधनाकडे वळताना या पुस्तकाचे ऋण मान्य केले आहे.

पुस्तकाचे लेखक एर्विन श्रोडिंगर हे पदार्थविज्ञानाचे पंडित, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. नाझींच्या अमलामुळे ऑस्ट्रिया सोडून ते आयर्लंडला आले आणि 1943 च्या फेब्रुवारीत ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी सर्वसामान्य श्रोत्यांसाठी व्याख्याने दिली. सुमारे चारशे श्रोते प्रत्येक वेळी येत आणि विषय कठीण असूनही ती संख्या घटली नाही, असे ते प्रस्तावनेत कौतुकाने नोंदवतात. त्यांच्या चारित्र्याविषयी एक गोष्ट येथे लपवून ठेवणे बरे नव्हे. अल्पवयीन मुलींशी त्यांनी केलेल्या गैरवर्तनाच्या आरोपांवरून याच ट्रिनिटी कॉलेजने 2022 मध्ये आपल्या व्याख्यानगृहाला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले. ग्रंथाचे मोल करताना ग्रंथकाराचे पाप पदरात घ्यावे लागत नाही; पण ते माहीत असावे.

मी हे पुस्तक दुसऱ्यांदा हाती घेतले त्याला कारण एका मुलाचा प्रश्न. शाळेत विज्ञान शिकवीत असताना मी आमच्या धर्मग्रामात दृढीकरणाचा वर्गही घेत असे. एकदा वर्ग सुटल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला आणि म्हणाला, "सर, सगळं जर डीएनएत लिहिलेलं असेल, तर कन्फेशनला मी माझं म्हणून काय सांगायचं?" मी त्याला, असली पुस्तके वाचण्याचे तुझे वय नाही, असे सांगून वाटेला लावले. डब्लिनच्या प्रकाशकाने जे केले तेच मी केले, हे मला फार उशिरा उमगले.

आता पुस्तकाकडे वळू. त्यातील सर्वांत सुंदर भाग पहिल्याच प्रकरणात आहे. अणू इतके लहान का, असा साधा प्रश्न लेखक विचारतो आणि लगेच तो उलटा करतो : अणूंच्या मानाने आपले शरीर एवढे मोठे का? उत्तर गणिताचे आहे. अणू सतत सैरावैरा धावत असतात. त्यांच्या झुंडीत जो नियम दिसतो तो केवळ सरासरीचा असतो आणि त्या सरासरीतील चूक अणूंच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. शंभर अणू असतील तर चूक दहाची, म्हणजे शेकडा दहा. दहा लाख अणू असतील तर चूक एक हजाराची, म्हणजे हजारात एक. ज्या देहाला भरवशाने जगायचे आहे, त्याला अणूंचा प्रचंड समुदाय हवाच. जत्रेतल्या एका माणसाची चाल सांगता येत नाही, जत्रेचा लोंढा मात्र कोणत्या दिशेने चालला आहे ते टेकडीवरून दिसते, तसे हे आहे.

आणि येथेच पेच उभा राहतो. आनुवंशिक गुण वाहून नेणारे जनुक इतके सूक्ष्म आहे की त्यात तुलनेने फारच थोडे अणू मावतील. वर्गमुळाच्या हिशेबाने त्याचा भरवसा धरता येऊ नये. तरीही ते शतकानुशतके टिकते. लेखकाने यासाठी हाब्सबुर्ग राजघराण्याचा विशिष्ट आकाराचा ओठ उदाहरणादाखल घेतला आहे. युरोपच्या त्या कॅथलिक राजवंशात तो ओठ पिढ्यान्‌पिढ्या चित्रांतून दिसतो. शरीराच्या उष्णतेत अणूंची अखंड धुमश्चक्री चालू असताना त्या ओठाचा संदेश पुसला कसा गेला नाही? श्रोडिंगर यांचे उत्तर असे की जनुक म्हणजे अणूंची झुंड नव्हेच. तो एकसंध, बळकट बांधणीचा रेणू आहे. मीठ किंवा हिरा यांसारख्या स्फटिकात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते. जनुकाच्या स्फटिकात ती तशी येत नाही, प्रत्येक जागी वेगळा अर्थ असतो. भिंतीवरचा छापील कागद आणि राफाएलच्या चित्रावरून विणलेला पडदा यांत जो फरक, तोच येथे, असे ते सांगतात. सिस्टीन चॅपेलसाठी पोप दहावे लिओ यांनी करवून घेतलेल्या पडद्यांची माहिती असलेल्या वाचकाला ही उपमा चटकन भिडेल.

या 'अनावर्ती स्फटिका'च्या कल्पनेला पुढे डीएनएच्या रूपाने देह मिळाला. चार प्रकारच्या घटकांची माळ. तीन-तीन घटकांचा एक शब्द. असे चौसष्ट शब्द. आणि त्यांतून वीस अमिनो आम्लांची निवड. ही लिपी उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या हरगोविंद खुराना यांना 1968 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र श्रोडिंगर यांची नेमकी माहिती अनेक ठिकाणी चुकलेली आहे. जनुक बहुधा प्रथिनाचे असावे असे ते धरून चालतात; पण पुस्तक निघाले त्याच वर्षी, 1944 मध्ये, ओसवल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पदार्थ डीएनए असल्याचा पुरावा प्रसिद्ध केला होता. मानवी गुणसूत्रे त्यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे 48 मोजली. ती 46 आहेत हे 1956 साली ठरले. या चुका क्षम्य आहेत. प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाने पाहुण्यासारखे दुसऱ्याच्या घरात शिरून लिहिलेले हे पुस्तक आहे आणि तसे ते स्वतःच कबूल करतात.

एका अक्षराचे मोल किती, हे पाहण्यासाठी आपल्याला व्हिएन्नाला जावे लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे आणि 574 अमिनो आम्लांचे असते. त्यातील बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की, प्राणवायू कमी पडताच हे रेणू एकमेकांना चिकटून काड्यांसारखे होतात, तांबडी पेशी कोयत्याच्या पात्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाच सिकलसेलचा आजार. विदर्भातील, नंदुरबारमधील आणि आपल्या पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर कित्येक घरांत तो सांध्यांच्या असह्य वेदना घेऊन राहतो. दोन्ही पालकांकडून हे बदललेले अक्षर आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर माणूस सहसा धडधाकट राहतो आणि मलेरियापासून त्याला काही अंशी संरक्षणही मिळते. एकच अक्षर, पण त्याचा अर्थ शेजारी कोण आहे आणि गावात डास किती आहेत यावर बदलतो.

माझा मुख्य आक्षेप येथूनच सुरू होतो. श्रोडिंगर यांनी गुणसूत्राला कायद्याची संहिता आणि ती अमलात आणणारी सत्ता अशी दोन्ही पदे एकाच वेळी बहाल केली. वास्तुशास्त्रज्ञाचा आराखडाही तोच आणि गवंड्याची थापीही तीच. ही उपमा ओजस्वी आहे, आणि चुकीची आहे. पेशीमध्ये ही दोन कामे कटाक्षाने वेगळी ठेवलेली असतात. डीएनए केंद्रकात स्वस्थ पडून असतो. स्वतः तो काहीच करीत नाही. त्याची एक नक्कल, म्हणजे आरएनए, केंद्रकाबाहेर येते. बाहेर रायबोसोम नावाचे सूक्ष्म यंत्र ती नक्कल वाचीत जाते आणि अमिनो आम्ले एकामागून एक जोडून प्रथिन तयार करते. या रायबोसोमची रचना उलगडणाऱ्यांत चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. 2009 चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. तयार झालेली प्रथिने विकरे बनून रासायनिक क्रिया घडवतात, आणि त्यांतलीच काही परत केंद्रकात जाऊन डीएनएचे कोणते पान उघडायचे व कोणते मिटून ठेवायचे ते ठरवतात. मग सत्ता कोणाच्या हाती? डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जवळजवळ दोन मीटर लांबीचा तोच धागा गुंडाळलेला असतो. तरी एक पाहण्याच्या कामी लागते आणि दुसरी पित्त करते.

शिवाय या पुस्तकात जी पेशी आहे तिला जणू भिंतच नाही. मेदाच्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे पाण्याला विटते. असे असंख्य रेणू पाण्यात पडले की आपोआप शेपट्या आत व डोकी बाहेर करून दुहेरी पडदा उभा करतात. हा पडदा मिलिमीटरच्या दोन लाखाव्या हिश्श्याएवढा जाड. याच्या आतला तो जीव आणि बाहेरचे ते जग, अशी पहिली सीमा तो आखतो. पण त्याचा नकाशा डीएनएत कोठेही काढलेला नसतो! मेद घडवणाऱ्या विकरांची कृती तेवढी तेथे असते. पडदा जुन्या पडद्यातूनच वाढतो, पेशी पेशीतूनच येते, आणि आईच्या अंडपेशीतून आपल्याला धाग्याबरोबर एक आयते, चालते घरही मिळते. तंतुकणिका तर बहुतेक आईकडूनच येतात. पेशीच्या वजनाचा सुमारे सत्तर टक्के भाग असलेल्या पाण्याविषयी लेखकाला काही सांगायचे नाही, याचे दुसऱ्या वाचनात मला नवल वाटले.

अन्नाविषयीच्या सहाव्या प्रकरणाची कीर्ती फार आहे. सजीव आपली शिस्त टिकवण्यासाठी भोवतालातून शिस्त शोषून घेतात, हा त्याचा गाभा. पण फ्रान्सिस सायमन या सहकाऱ्याने दाखवून दिले की शिस्त हाच निकष असता तर कोळशाच्या किंवा हिऱ्याच्या चुऱ्यावरही माणूस जगला असता. श्रोडिंगर यांनी हा आक्षेप प्रकरणाच्या शेवटी टीप जोडून प्रांजळपणे नोंदवला. टीप प्रकरणापेक्षा सरस आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

आता तो उपसंहार. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : माझे शरीर निसर्गनियमांनी चालणारे यंत्र आहे, तरीही त्याच्या हालचाली मी करतो आणि त्यांची जबाबदारी माझी, हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे, म्हणून अणूंच्या गतीचे नियमन करणारा तो 'मी'च. येथून ते उपनिषदांतील आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याकडे जातात आणि अनेक आत्मे मानणाऱ्या पाश्चात्त्य धर्ममतांना बोचरे टोले लगावतात. आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकाला या विचाराने दचकण्याचे कारण नाही. शेजारच्या घरातून, कीर्तनातून तो आपण ऐकतच वाढलो आहोत. माझा आक्षेप पाखंडाचा नाही, तर्काचा आहे. पहिले विधान आधीच्या सात प्रकरणांत सिद्ध झालेलेच नाही. तेथे जनुकाचे टिकाऊपण दिसले. सबंध देहावर जनुकाची एकछत्री सत्ता दिसली ती केवळ उपमेत, आणि ती उपमा टिकत नाही हे आपण पाहिले. दुसरी अडचण अधिक खोल आहे. जबाबदारी म्हटली की जाब देणारा आणि जाब विचारणारा असे दोघे लागतात. सर्वत्र एकच चैतन्य असेल तर कोण कोणाला उत्तर देणार? आपला सर्वांत मौल्यवान पुरावा म्हणून लेखक ज्या अनुभवाकडे बोट दाखवतो, त्याच्याच निष्कर्षात तो अनुभव विरघळून जातो.

त्या मुलाला मी आज काय सांगितले असते? लिहिलेले असणे आणि ठरलेले असणे या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे नक्की सांगितले असते. यातून मानवी इच्छेचे स्वातंत्र्य सिद्ध होते असे मात्र म्हणालो नसतो. पेशी त्या प्रश्नावर साक्ष द्यायला फारशी योग्य नाही, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. पेशीविज्ञान आपल्या ख्रिस्तसभेला परके आहे, असा समज मात्र मी त्याच्या मनात राहू दिला नसता. आनुवंशिकतेचे नियम ब्रनोच्या मठातील ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या वाफ्यात शोधले. लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात ज्याँ-बाप्तीस्त कार्नोय या धर्मगुरूने पेशीविज्ञानाचे अध्यापन उभे केले आणि 1884 मध्ये त्या विषयावर ग्रंथ लिहिला. त्याच विद्यापीठाचे क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी पुढे लयकारिका शोधून काढल्या.

हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे माक्स पेरुत्झ यांनी 1987 मध्ये, श्रोडिंगर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, या पुस्तकावर कडक निकाल दिला : त्यात जे खरे होते ते नवीन नव्हते आणि जे नवीन होते त्यातले बरेचसे खरे नव्हते, असा त्याचा आशय. माहितीपुरता हा निकाल मला मान्य आहे. पण पुस्तके माहितीसाठीच वाचली जातात असे नाही. जनुक हा मजकूर आहे, तो वाचता येईल, ही भूक या पुस्तकाने तरुणांच्या मनात जागवली. बरोबर उत्तरे देणाऱ्या त्या काळच्या जाडजूड पाठ्यपुस्तकांना ते जमले नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना ते जरूर द्यावे, सातही प्रकरणे आणि उपसंहारासकट, आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोलायला घरातले कोणीतरी मोकळे असावे.

श्रोडिंगर 1961 साली व्हिएन्नात वारले. टिरोलमधील आल्पबाखच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन व्हावे अशी इच्छा होती. परंतु ते श्रद्धाळू कॅथलिक नसल्याने तेथील धर्मगुरू संकोचले. पोप अकरावे पायस यांनी 1936 साली स्थापन केलेल्या परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीवर हे गृहस्थ सदस्य होते, हे कळल्यावर त्यांनी परवानगी दिली, असे सांगतात.