सुबत्तेचा श्रोता

अमेरिकन रॉक अँड रोल हे युद्धोत्तर सुबत्तेचे अपत्य. सूर मात्र निर्धन कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमधला. १९५३ साली बिग मामा थॉर्नटन हिने गाजवलेले 'हाउंड डॉग' १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीने खिशात पैसा खुळखुळणाऱ्या गोऱ्या तरुणांच्या घरोघरी नेले. दिल्लीत १९९० साली निर्माण झालेल्या 'इंडियन ओशन' वाद्यवृंदाचे 'माँ रेवा' याच वाटेचे. राहुल राम यांना ते नर्मदा बचाव आंदोलनात गवसले. 'कंदिसा' (२०००) या संग्रहातून ते महानगरी तरुणांपर्यंत पोहोचले. गिटारशेजारी तबला बसवून त्यांनी परकेपणा घालवला, हे श्रेय निःसंशय मोठे. तथापि गीतात आहे ती निव्वळ नदीस्तुती. धरणाचा उल्लेखही नाही. खोऱ्यातील माणूस ती गातो तेव्हा गाव बुडण्याची धास्ती तिच्यात आपोआप उतरते. दिल्लीच्या सुखवस्तू श्रोत्याला तीत केवळ निर्मळ पाण्याची लय ऐकू येते.