राष्ट्रध्वजाचा अर्थ

राष्ट्रध्वजाचा अर्थ त्याच्या रंगांत शोधण्याची आपल्याकडे चालच पडली आहे. केशरी म्हणजे अमुक समाज, हिरवा म्हणजे तमुक, अशी वांटणी सुशिक्षितांच्या घरांतूनही ऐकूं येते. वस्तुतः १९३१ सालींच काँग्रेसनें ही वांटणी अमान्य केली होती. केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा, असें तिनें ठरविलें. पुढें २२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें चरख्याच्या जागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र स्वीकारलें. गांधीजींस तें प्रथम रुचलें नाहीं. तथापि ध्वज हातानें कातलेल्या व विणलेल्या खादीचाच असावा, हा नेम राहिला. चरखा चित्रांतून गेला, पण धाग्यांत उरला.

आमच्या मतें ध्वजाचा खरा अर्थ येथेंच होता. रंगांचा अर्थ सांगावा लागतो, आणि सांगणारा बदलला कीं तोही बदलतो. कापडांतील श्रम मात्र कोणास नाकारतां येत नाहींत. डिसेंबर २०२१ मध्यें ध्वजसंहितेंत बदल होऊन यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या कापडासही मुभा मिळाली. ध्वज स्वस्त झाला व घरोघरीं पोंचला, हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जी गोष्ट ध्वजाचें अंग होती, ती आतां केवळ ऐच्छिक झाली. येत्या स्वातंत्र्यदिनीं मुलांस रंगांचे अर्थ सांगण्यापूर्वीं वडील मंडळींनीं तें कापड हातीं घ्यावें आणि तें कोणीं विणलें, हें एकदां विचारावें.