स्वभावाला औषध नाही?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मराठीत बहुधा हसत वापरली जाते, एखाद्या चिकट काकांबद्दल किंवा भांडकुदळ शेजारणीबद्दल. पण दोन-तीन औषधे बदलूनही घरातल्या कुणाचे नैराश्य हटले नाही, की तीच म्हण दबक्या आवाजात परत येते. गोळ्या तरी काय करणार, मुळात स्वभावच तसा. डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची ‘द डिप्रेस्ड पर्सन’ ही कथा अनेक वाचकांना या म्हणीचा इंग्रजी पुरावाच वाटते. ती जानेवारी १९९८मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात आली आणि १९९९मध्ये ‘ब्रीफ इंटरव्ह्यूज विथ हिडिअस मेन’ या संग्रहात समाविष्ट झाली. माझ्या मते ती पुरावा नाही, पण तसे वाटण्याला तिची मांडणीच जबाबदार आहे.

कथेतल्या बाईला नाव नाही. ती रात्री-अपरात्री दूरच्या मैत्रिणींना फोन करते, आपले दुःख सांगते, सांगितल्याबद्दल माफी मागते, आणि माफी मागण्यात वेळ घेतल्याबद्दल पुन्हा माफी मागते. ज्या मैत्रिणीवर तिचा सर्वांत जास्त भार पडतो ती स्वतः कर्करोगाने आजारी आहे. मानसोपचारतज्ज्ञ बाई मरण पावतात, तेव्हा हिला रडू येते ते स्वतःचा आधार गेल्याबद्दल, आणि ते लक्षात आल्यावर ती आणखी खचते. स्वतःत गुरफटल्याची लाज हेही स्वतःत गुरफटणेच असते. उपचाराने दिलेला प्रत्येक शब्द, प्रत्येक सल्ला या चक्राचे खाद्य होतो. स्वकेंद्री माणसावरचे हे निर्दय व्यंग आहे, असे वाचन म्हणूनच रूढ झाले.

मात्र कथेचे पान नीट पाहावे. या बाईने घेतलेल्या औषधांची लांबलचक यादी, विजेच्या उपचारासकट, वॉलेस यांनी तळटीपेत टाकली आहे. मुख्य मजकुराचा विस्तार तिच्या बोलण्याला, सबबींना, हिशेबांना मिळतो. आजाराचा इतिहास बारीक टायपात आणि स्वभाव मोठ्या टायपात, अशी ही विभागणी आहे. आपण वाचक मोठा टाइप वाचतो आणि निकाल देतो. खरे तर तळटीप वगळून वाचणाऱ्यालाच ही बाई केवळ असह्य वाटते.

दवाखान्यातही काहीसे असेच घडते. पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ दिलेल्या निदान दोन औषधांनी फरक पडला नाही, तर इंग्रजीत त्या नैराश्याला ‘ट्रीटमेंट रेझिस्टंट’ म्हणण्याचा प्रघात आहे. तिथल्या बोलीत तर पेशंटच औषधात ‘नापास’ होतो. मराठीत आजार औषधाला दाद देत नाही. वाक्याचा कर्ता बदलला की दोषही सरकतो. आणि दोष कुठे ठेवायचा हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’मध्ये २००६ साली आलेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, नैराश्यासोबत व्यक्तिमत्त्वविकार असेल तर उपचार असमाधानकारक ठरण्याचे प्रमाण ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे म्हणीत काही तथ्य आहे. पण नैराश्यात असलेला माणूस स्वभावाच्या प्रश्नावलीची उत्तरेही नैराश्यातूनच देतो; आजार उतरला की चिंताळूपणाचे गुणही उतरतात. २००९च्या एका अभ्यासात पॅरॉक्सेटीन घेणाऱ्यांचा हा चिंताळूपणा नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा बराच जास्त कमी झाला, आणि नैराश्यातली सुधारणा हिशेबात धरूनही तो फरक उरला. स्वभावाला औषध लागू पडते, निदान काही वेळा.

वॉलेस यांच्या कथेत नेमके हेच कळायला वाव नाही. ही बाई आजारी पडण्यापूर्वी कशी होती? घटस्फोटित आईवडिलांच्या भांडणाची तिची तक्रार आपल्याला मिळते, पण तीही आजाराच्या आतून सांगितलेली. बरी असताना ती एकदाही दिसत नाही.

इथे मला जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) ही कादंबरी आठवते. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली आहे. माहीमच्या छोट्या फ्लॅटमधले गोवन कुटुंब, जे.जे. रुग्णालयाचा मनोरुग्ण विभाग, आणि उन्माद व नैराश्य यांत हेलकावणारी आई. निदान वेगळे आहे, पण मुलाला छळणारा प्रश्न तोच: हिच्यातला आजार किती आणि ही किती? पिंटो त्यासाठी लग्नापूर्वीच्या इमेल्डाची पत्रे आणि टिपणे कथेत आणतात. तिची तिरकस जीभ आजाराआधीही होती, हे वाचकाला कागदावर दिसते. ‘आधी कशी होती?’ हे डॉक्टर नातेवाइकांना विचारतात. पिंटो यांनी त्याच प्रश्नातून कादंबरीचा घाट काढला. एम घरादाराला दमवते, तरी तिच्यावर निकाल द्यावासा वाटत नाही, तो यामुळे.

वॉलेस यांच्या कथेची काही पाने मी मराठीत करून पाहिली. ‘निराश व्यक्ती’ म्हटले तर तो स्वभाव होतो. ‘नैराश्यग्रस्त’ म्हटले की पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या रांगेत ती जाऊन बसते. संकट बाहेरून आलेले ठरते. शिवाय मराठीत ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी असल्याने बाई की पुरुष हे पुसट होते, आणि ‘रडकी बाई’ ही सोपी खूणगाठ सुटते. हिंदीत ‘व्यक्ति’ पुल्लिंगी, तिथे अनुवादकाला उलट कसरत करावी लागेल. बांगला क्रियापदांना हा पेचच नाही. मी ‘नैराश्यग्रस्त व्यक्ती’ निवडले. मूळ कथेतली धार त्याने थोडी बोथट होते, हे मला मान्य आहे. पण तोच दवाखानी शब्द दर दोन ओळींनी आला की त्याचा जाच मराठीतही होतो, आणि कथेला तो जाच हवा आहे.

यादीतले नार्डिल हे औषध वॉलेस स्वतः वर्षानुवर्षे घेत होते. २००७मध्ये त्यांनी ते थांबवले, आजार परतला, तेच औषध पुन्हा घेऊनही गुण आला नाही, आणि २००८मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. यावरून कथेला आत्मचरित्र ठरवू नये. पण एवढे मात्र दिसते, की ज्या गोळीने त्यांना दीर्घ काळ तारले तीच पुढे निकामी ठरली. त्या काही महिन्यांत माणसाचा स्वभाव बदलला, असे कोण म्हणेल?

कथेच्या शेवटी ती बाई मैत्रिणीला विचारते, की माझ्यासारख्या व्यक्तीला नेमके काय म्हणावे, खरे सांग. मैत्रीण काय म्हणाली ते वॉलेस सांगत नाहीत. आपल्याकडे मात्र त्या जागी म्हण तयार असते, आणि ती उच्चारण्याआधी निदान तळटीप वाचावी, एवढीच माझी विनंती आहे.