अस्सल खेळ कोणता?

व्हिडिओ-गेम हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे कुणी विचारील. मला तो प्रश्न फारसा अडवीत नाही. जिथे लय आहे, ताण आहे आणि त्या ताणाची उकल आहे, तिथे रसिकाने बोलावे.

‘ई.ए. स्पोर्ट्स एफ.सी. २६’ हा फुटबॉलचा खेळ २६ सप्टेंबर २०२५ रोजी आला. या मालिकेची सुरुवात १९९३ सालची. ‘फिफा’ हे जुने नाव तिने २०२३ मध्ये टाकले. प्रतिवर्षी नवा अंक काढायचा म्हणजे फरक थोडा आणि गाजावाजा फार, हे ओघाने आलेच. यंदाचा एक फरक मात्र विचार करायला लावणारा आहे. कर्त्यांनी एकाच खेळाच्या पोटात दोन खेळ ठेवले आहेत. एकाचे नाव ‘कॉम्पिटिटिव्ह’, दुसऱ्याचे ‘ऑथेंटिक’. पहिला इंटरनेटवरून दूरच्या माणसाशी झुंजण्याचा. दुसरा घरी बसून, संगणकाला प्रतिस्पर्धी करून, एखाद्या संघाचा हंगाम चालविण्याचा. चढाओढ निराळी आणि अस्सलपणा निराळा, असा निवाडा कर्त्यांनी स्वतःच देऊन ठेवला आहे!

चंद्रपुरात भाच्याच्या संगणकावर मी दोन्ही पाहिले. पहिल्यात बटण दाबताच खेळाडू वळतो. पास, धाव, गोल. पुन्हा पास, धाव, गोल. डोळे दिपतात, पण थोड्याच वेळात मन कोरडे होते. सम वारंवार यावी आणि मधला विस्तारच नसावा, तसे काहीसे. दुसऱ्यात चाल संथ आहे. चेंडू मागे द्यावा लागतो, वाट पाहावी लागते, दमलेला बचावपटू मागे पडेपर्यंत धीर धरावा लागतो. पाऊण तास काही घडत नाही आणि मग एक फट दिसते. फुटबॉलचा रस त्या वाट पाहण्यात आहे.

पुढे हाच खेळ मी गडचिरोली जिल्ह्यात, आलापल्लीच्या एका घरी पाहिला. तिथे इंटरनेट टिकेना. बटण आता दाबावे आणि खेळाडूने मग हलावे! त्याहून आत, पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ताच कित्येक पावसाळ्यांत बंद पडलेला आहे. तिथे दूरच्या माणसाशी झुंज कसली? त्या घरातल्या मुलांनी मुकाट्याने दुसरा खेळ लावला. जंगलातल्या मुलांच्या वाट्याला नाइलाजाने आला तो खेळच सरस, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटला.

तरी ‘अस्सल’ या शब्दाला माझी हरकत आहेच. इथले मैदान गालिच्यासारखे, चेंडूची उसळी ठरलेली. आमच्याकडे वैशाखात मुरूम तापतो, चेंडू खड्यावर आपटून भलतीकडे जातो आणि अनवाणी पोर तो अंदाज पायाने शिकते. हा खेळ दूरदर्शनवरच्या फुटबॉलची नक्कल आहे. मैदान त्यात कुठेच नाही. ज्या मुलाने दोन्ही खेळले आहेत त्याला हे सांगावे लागत नाही. ज्याने पडद्यावरचाच पाहिला, त्याला आपल्या गावचा फुटबॉल खोटा वाटू लागेल, ही भीती मला वाटते.

म्हणून पालकांना एवढेच सुचवीन: खेळ आणलाच तर दुसरा लावून द्या, आणि संध्याकाळी मुलांना एक खरा चेंडूही द्या.