पटावरील मूल आणि वर्गातील मूल : प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाच्या मापनाची चिकित्सा (विशेष संदर्भ : मनमाड)

प्रस्तावना

प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा आकड्यांनी सुरू होते आणि आकड्यांनीच संपते. पटनोंदणी शंभर टक्क्यांवर गेली, मुलगे व मुली यांच्यातील अंतर मिटले, असे अहवाल सांगतात. या आकड्यांच्या खरेखोटेपणाबद्दल अधूनमधून वाद होतो; परंतु हे आकडे मुळात कशाचे मापन करतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात मापनाच्या या पद्धतीचीच चिकित्सा केली आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील नांदगाव तालुक्यातील मनमाड या शहराचा संदर्भ घेतला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ८० हजार लोकवस्तीचे हे शहर रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. येण्याजाण्यावरच उभ्या असलेल्या अशा ठिकाणी, एका जागी स्थिर असलेले हजेरीपत्रक फिरत्या मुलाची मोजणी कशी करते, हे स्पष्टपणे दिसते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्राथमिक शिक्षण आणि टक्केवारी यांचा संबंध जुना आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेल्या सक्तीच्या शिक्षणाच्या विधेयकातच ही अट होती की, ज्या भागात मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जात असेल तेथेच सक्ती लागू करता येईल. म्हणजे प्रमाण हे केवळ प्रगती मोजण्याचे साधन नव्हते, तर हक्क मिळण्याची ती पूर्वअट होती. शिवाय सक्ती प्रथम मुलग्यांना आणि मुलींना पुढे केव्हातरी, असा क्रमही त्यात गृहीत होता. विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला.

या प्रवासातील सर्वांत मर्मग्राही हिशेब मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना मांडला. त्यात दोन स्वतंत्र मापे होती. पहिले वेगाचे : त्या वेळच्या गतीने शाळायोग्य वयाचे सर्व मुलगे शिक्षणाच्या कक्षेत यायला ४० वर्षे आणि मुली यायला ३०० वर्षे लागतील. दुसरे टिकण्याचे : शाळेत प्रवेश करणाऱ्या प्रत्येक १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. पुढे १९२९ च्या हार्टोग समितीनेही पहिलीतील १०० पैकी १८ च मुले चौथीत दिसतात हे दाखवून ‘अपव्यय आणि स्थगन’ या संज्ञा रूढ केल्या. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी डॉ. आंबेडकर मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेसाठी आले होते. त्या कामगारांच्या मुलामुलींना हा ४०, ३०० आणि १८ चा हिशेब थेट लागू होता.

शाळेत किती आले, आणि किती टिकले. शिवाय मुलगे किती आणि मुली किती, हे वेगवेगळे. या हिशेबाच्या कसोटीवर आजचे मापन कोठे उभे आहे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पटनोंदणी गुणोत्तराच्या मर्यादा

संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांमध्ये (२०००-२०१५) प्राथमिक शिक्षणासाठी तीन निर्देशक होते : निव्वळ पटनोंदणी गुणोत्तर, पहिलीत आलेल्यांपैकी अंतिम इयत्तेपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आणि १५ ते २४ वयोगटाची साक्षरता. व्यवहारात पहिल्याच निर्देशकाला महत्त्व आले; कारण तो सर्वांत सहज मिळतो आणि सर्वांत लवकर सुधारतो. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शाळा वस्तीपर्यंत पोहोचली, लाखो मुलांची नावे प्रथमच पटावर आली, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु या गुणोत्तराचे अंश आणि छेद दोन्ही सदोष आहेत.

छेद म्हणजे त्या वयोगटातील एकूण मुले. ही संख्या जनगणनेवर अवलंबून असते. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्यामुळे २०११ नंतरचा छेद हा केवळ अंदाज ठरतो. राज्याच्या पातळीवर अंदाज चालून जातो. एका नगरपालिकेसाठी तो फार ढोबळ होतो. त्यातच मूल जेथे शिकते तेथे अंशात धरले जाते आणि जेथे राहते तेथे छेदात. आसपासच्या खेड्यांतील मुले शहरातील शाळेत आली की शहराचे गुणोत्तर फुगते आणि खेड्याचे घटते. वस्तुतः मूल शाळेतच असते.

अंश म्हणजे पटसंख्या. येथे अडचण अधिक गंभीर आहे, कारण ज्याची प्रगती मोजायची तोच मोजणारा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक व ६१ झाल्यावर तिसरा शिक्षक मिळतो. संचमान्यता, अनुदान, शालेय पोषण आहाराचा तांदूळ हे सर्व पटावर ठरते. मनमाडला भारतीय अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. धान्याचा कोटा कागदावरील संख्येनुसार कसा हलतो, हे या शहराला वेगळे सांगावयास नको. ज्या आकड्यावर कुणाची तरी नोकरी अवलंबून असते, तो आकडा केवळ मापन राहत नाही.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. नांदेड जिल्ह्यातील तपासणीनंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली. पटावर असलेली सुमारे २० लाख मुले वर्गात आढळली नाहीत. या मुलांच्या आधारेच तोपर्यंतचे गुणोत्तर काढले गेले होते. पुढे विद्यार्थीनिहाय नोंदी आल्या, तेव्हा देशपातळीवरही हेच चित्र दिसले : शालेय माहिती प्रणालीनुसार २०२२-२३ मधील २५.१७ कोटी पटसंख्या २०२३-२४ मध्ये २४.८० कोटींवर आली. मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आधीच्या वर्षांशी तुलना योग्य नाही, असे शासनाने स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण ग्राह्य धरले, तर आधीच्या वर्षांतील ‘प्रगती’ही त्याच सावधपणे वाचावी लागेल.

मोजणीचा दिवस आणि स्थलांतर

पटसंख्या खरी असली तरी ती कोणत्या दिवशीची आहे, हे तितकेच महत्त्वाचे आहे. शालेय माहितीसाठी दीर्घकाळ ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख होती. नांदगाव हा अवर्षणप्रवण तालुका आहे. तेथील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे मूल निघण्यापूर्वी काही आठवडे त्याची मोजणी पूर्ण होते. पटावर ते वर्षभर राहते. वर्गात जेमतेम निम्मे वर्ष असते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील पटपडताळणीलाही ही रिकामी जागा दिसणे शक्य नव्हते. बोगस नाव तिने शोधले. खऱ्या नावाची पाच महिन्यांची अनुपस्थिती तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

४ जुलै २०१५ रोजी राज्यात शाळाबाह्य मुलांचे एकदिवसीय सर्वेक्षण झाले. एका दिवसात, एका तारखेला केलेल्या या मोजणीत अनेक मुले सुटल्याची टीका स्वयंसेवी संस्थांनी केली. जुलैमध्ये ऊसतोड कामगाराचे मूल गावीच असते, म्हणून ते शाळाबाह्य ठरत नाही. जानेवारीत ते फडावर असते, पण तेव्हा मोजणी नसते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रक या योजना शासनाने आणल्या, यातूनच हे स्थलांतर शासनाला ज्ञात आहे हे सिद्ध होते. योजनांना जे दिसते ते निर्देशकाला दिसत नाही, ही विसंगती आहे.

लिंगसमता निर्देशांकाचा भ्रम

मुलींच्या गुणोत्तराला मुलग्यांच्या गुणोत्तराने भागले की लिंगसमता निर्देशांक मिळतो. तो १ असला की समता साध्य झाली असे मानतात. परंतु १०० पैकी ९५ मुलगे व ९५ मुली शाळेत असल्या तरी निर्देशांक १ येतो आणि १०० पैकी ४० व ४० असल्या तरीही १ च येतो. मुलींच्या स्थितीत काहीही बदल न होता मुलगे कामाला लागून शाळेतून गळाले, तरी निर्देशांक ‘सुधारतो’. डॉ. आंबेडकरांनी ४० आणि ३०० ही दोन अंतरे वेगळी ठेवली होती. निर्देशांक ती एका भागाकारात मिटवून टाकतो.

दुसरे असे की, हा निर्देशांक पटावरील समता सांगतो, दिवसाची नाही. मनमाडच्या नळांना कित्येक वर्षे पंधरा-वीस दिवसांनी पाणी येत असे. जेथे पाणी भरणे आणि धाकटी भावंडे सांभाळणे ही घरातील मुलीची कामे मानली जातात, तेथे तिचे नाव पटावर राहूनही दिवस बुडतात. शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९९२ पासून दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेतील मुलींसाठी रोज १ रुपया उपस्थिती भत्त्याची योजना सुरू झाली. तिचा निकष नोंदणी नसून उपस्थिती हा होता. निकष अचूक होता, रक्कम मात्र नाममात्र राहिली, आणि मुलींच्या उपस्थितीचा हा आकडा कधीही प्रगतीचा निर्देशक बनला नाही.

विद्यार्थीनिहाय नोंदीची दुसरी बाजू

प्रत्येक मुलाला स्वतंत्र क्रमांक देणे हा बोगस पटावरील उपाय म्हणून पुढे आला. तत्त्वतः त्यामुळे मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेले तरी त्याचा माग ठेवता येतो. परंतु संचमान्यतेसाठी आधार वैध असलेलेच विद्यार्थी धरण्याचे धोरण आल्यावर उलट प्रश्न निर्माण झाला. पूर्वी नाव होते आणि मूल नव्हते. आता मूल वर्गात आहे आणि ते मोजले जात नाही. ज्यांची कागदपत्रे अपुरी असतात ती मुले बहुधा स्थलांतरितांची, भटक्या समूहांची किंवा रेल्वे फलाटाच्या आश्रयाने राहणाऱ्या कुटुंबांची असतात. ज्यांची मोजणी सर्वाधिक आवश्यक, तीच वगळली जाण्याचा हा धोका आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पटनोंदणी गुणोत्तर हे शाळेच्या पोहोचीचे माप आहे, मुलाच्या शिक्षणाचे नाही. त्याला किमान तीन मापांची जोड आवश्यक आहे. पहिले, स्थलांतराच्या ऐन हंगामात, जानेवारी-फेब्रुवारीत, उपस्थितीची दुसरी मोजणी. दुसरे, पहिलीत आलेल्या मुलगे व मुलींच्या तुकडीचा पाचवीपर्यंत स्वतंत्र पाठपुरावा. मूल स्थलांतरित झाल्यास पोहोचल्या ठिकाणच्या शाळेची नोंदही त्यात यावी. तिसरे, लिंगसमता निर्देशांकासोबत दोन्ही मूळ गुणोत्तरे देण्याचे बंधन. याखेरीज शिक्षकपदे आणि अनुदान यांचा निर्णय ज्या आकड्यावर होतो, तोच आकडा प्रगतीचे माप म्हणून वापरणे थांबवावे लागेल.

राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांची मुदत घातली होती. ती १९६० मध्ये संपली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकात टक्केवारी ही हक्काची पूर्वअट होती. आज हक्क आधी आहे आणि टक्केवारी नंतर. असे असताना ९८ टक्क्यांचे समाधान उरलेल्या दोघांना लागू पडत नाही. शंभरातील किती मुलगे आणि किती मुली शेवटच्या इयत्तेपर्यंत पोहोचल्या, हा १९२७ चा प्रश्न पटाच्या आकड्याने अद्याप सुटलेला नाही.