गॅझेटियरमधील कुडाळ देश : एक पुनर्वाचन

सरकारी नोकरीत असताना तालुक्याची माहिती ठरीव नमुन्यात भरून वर पाठविण्याचे काम मी अनेक वर्षे केले. क्षेत्रफळ, पर्जन्यमान, पिके, लोकसंख्या, वसुली असा तो क्रम असे. निवृत्तीनंतर जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीविषयीचा दहावा खंड (१८८०) सलग वाचला, तेव्हा त्या नमुन्याचा मूळपुरुषच भेटल्यासारखे वाटले. हा ग्रंथ आपण संदर्भापुरता उघडतो. लेखन म्हणून त्याची चिकित्सा व्हावी, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

सावंतवाडी संस्थान म्हणजे बव्हंशी जुना कुडाळ देश. सुमारे ९०० चौरस मैलांचा हा डोंगराळ मुलूख पूर्वेस सह्याद्रीला टेकलेला असून त्याच्या दक्षिणेस गोवा आहे. १८१२ च्या तहाने वेंगुर्ले बंदर इंग्रजांकडे गेले. आम्हां बेळगावकरांना हा प्रदेश परका नाही. वेंगुर्ल्याची जुनी वाट रामघाटाने उतरत असे, आणि आमच्या शहरातील रामघाट रोड तिची आठवण अजून जपून आहे.

ग्रंथाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. घाट, नद्या, माती, झाडे यांचे वर्णन नेमके आहे. एकोणिसाव्या शतकातील या भागाविषयी इतकी माहिती एकत्र अन्यत्र क्वचितच मिळते. पण प्रकरणांचा क्रम पाहावा. आधी भूमी, मग उत्पन्न, मग लोक; शेती आणि व्यापार आटोपल्यावर इतिहास. माणसे जातवार मोजून होतात, ती बोलू मात्र लागत नाहीत.

याची खरी कसोटी १८४४ च्या बंडाशी लागते. कोल्हापूर राज्यातील नव्या कारभारात गडकऱ्यांच्या पिढीजात चाकरीला आणि तीपोटी मिळालेल्या जमिनींना धक्का लागला. सामानगडावर उठाव झाला आणि त्याचे लोण सावंतवाडीत पोहोचले. १८४५ च्या प्रारंभी मनोहरगड व मनसंतोषगड पडले. या मोहिमेत औट्रम होता. उरलेले बंडवाले गोव्याच्या हद्दीत उतरले. इंग्रजी वृत्तांतात फौजा, गड आणि सेनानी यांना ठळक जागा मिळते. ज्याची जमीन गेली त्या गडकऱ्याची बाजू मात्र बंडखोर या एका शब्दात मिटते. याचे कारण उघड आहे. १८३८ पासून संस्थानचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. वर्णन लिहिणारा आणि त्या मुलखाचा कारभारी एकच होता. वादातील एका पक्षानेच निकालपत्र लिहावे, तसे हे झाले.

म्हणून गॅझेटियर टाकून द्यावे, असे मी म्हणत नाही. त्यातील आकडा घ्यावा, पण विशेषण घेताना थांबावे. आणि शेजारी बखर, कैफियत व गावातील तोंडी हकीकत ठेवावी. शक्य तर इतिहासाचे प्रकरण आधी वाचून मग महसुलाकडे वळावे. तसे वाचले असता वसुलीच्या कोष्टकांना वेगळाच अर्थ येतो.

हा प्रश्न सीमाभागातील वाचकाला केवळ विद्वत्तेचा वाटणार नाही. १८८४ च्या बेळगाव खंडात चंदगडचा मुलूख बेळगाव जिल्ह्यातच आहे. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, चंदगड मुंबई राज्यात राहिले आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले. कागद बदलले, सोयरिकी आणि बाजारहाट पूर्वीसारखेच चालू राहिले. मी भरलेल्या कोणत्याही नमुन्यात त्यांच्यासाठी रकाना नव्हता आणि नोकरीच्या काळात मला त्याची उणीव भासलीही नाही. कॅम्पबेल यांच्या ग्रंथावर ठेवलेला आक्षेप म्हणूनच प्रथम माझ्यावर येतो.