लेखनिकाच्या घरचे लेणे

इंदापूरजवळ मुंबई-गोवा महामार्ग सोडून आपण पश्चिमेला वळलो, की लांबट, चिंचोळ्या माथ्याचा तळगड सामोरा येतो. त्याच्या अंगावर कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांची रांग निरखताना जाणवते, की इथल्या गडकऱ्यांचा भरवसा तटाइतकाच पाण्यावर होता. राजपुरीच्या खाडीची पाठराखण करणारा हा गड जंजिरेकर सिद्दीच्या डोळ्यांत सलणारच. 1659 मध्ये त्याने इथे वेढा घातला आणि अफझलखान मारला गेल्याचे कळताच काढता पाय घेतला. पुढे 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांकडे गेले, पण शिवाजी महाराजांकडे राहिलेल्या 12 किल्ल्यांत तळगड होता.

तरीही या भूमीचा खरा रस चाखायचा, तर तळा तालुक्यातल्या कुडे लेण्यांपर्यंत जायला हवे. खाडीकाठच्या मांदाड बंदराच्या आश्रयाने, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोरलेल्या या 26 बौद्ध लेण्यांतले सहावे लेणे आपल्याला खिळवून ठेवते. दर्शनी हत्ती डौलदार आहेतच. पण ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख सावकाश वाचावा. दाता कोणी राजा नव्हे, तर महाभोज या इथल्या सत्ताधीशाच्या लेखनिकाचा भाऊ शिवम. लेणे त्याचे, पत्नी विजया त्याच्या सोबतीने. शिल्पकाम मुलांचे आणि खांब मुलींचे! एका कारकुनी घराने पुण्याची केलेली ही वाटणी किती नेटकी, किती मायेची! शेजारच्या लेण्यांत माळी आणि वैद्यही आपापली नावे कोरून गेले आहेत. आणि ज्याची चाकरी हे घर करीत होते, तो महाभोज खंदपालित स्वतःची ओळख सांगतो तीही आईच्या नावाने, सडगेरी विजयेचा पुत्र म्हणून.

1999 मध्ये माणगावातून वेगळा होऊन तळा तालुका झाला, गावाला तहसील कचेरी आली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याची सक्ती राज्याने केली, तेव्हा सगळीकडे ती नवलाई वाटली. तळ्याच्या कारकुनाने मात्र खुशाल म्हणावे, की ही तर आमच्या दप्तरातली जुनीच वहिवाट!